आवाज रजेवर असताना

पाय मोडला की घरादाराला कळतं. प्लास्टर दिसतं, काठी दिसते. अशा माणसाला कुणी म्हणत नाही, "जरा खाली जाऊन दूध घेऊन ये." पोटाचं ऑपरेशन झालं तर टाके दिसतात. स्वरतंतूंच्या ऑपरेशनचं मात्र तसं नाही. बहुतेक वेळा ते तोंडावाटेच, सूक्ष्मदर्शकाखाली करतात. बाहेर कुठे चीर नाही, टाका नाही, पट्टी नाही. बरेचदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माणूस आपल्या पायांनी घरी येतो, खुर्चीत बसतो, पेपर उघडतो. आणि घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "काय, कसं वाटतंय आता?"

खरी पंचाईत इथेच सुरू होते. कारण या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच डॉक्टरांनी मनाई केलेली असते.

"काही दिवस अजिबात बोलायचं नाही," हे वाक्य ऐकायला सोपं वाटतं. गोळी नाही, इंजेक्शन नाही, खर्च नाही. पण ज्यांनी हे पाळलंय त्यांना विचारा. हे पथ्य एकट्याच्या निश्चयावर निभत नाही. गप्प बसायचं असतं पेशंटला, पण त्याला गप्प राहता येईल अशी सोय करायची असते घरातल्या बाकीच्यांना. आजचा लेख मुख्यतः त्या बाकीच्यांसाठी आहे.

गळ्यात नेमकं काय असतं?

गळ्यावर बोट ठेवून "म्" असा आवाज काढा. जिथे थरथर जाणवते, तिथे आत दोन छोट्या घड्या असतात. त्यांनाच आपण स्वरतंतू किंवा व्होकल कॉर्ड म्हणतो. नाव तंतू असलं तरी त्या वीणेच्या तारांसारख्या ताणलेल्या नसतात. ओठांसारख्या मऊ असतात. बायकांमध्ये त्यांची लांबी साधारण एक ते दीड सेंटिमीटर, पुरुषांमध्ये थोडी जास्त. श्वास घेताना त्या उघडतात आणि बोलताना जवळ येऊन एकमेकींवर आपटतात. पुरुषाच्या नेहमीच्या बोलण्यात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास.

आता हिशेब करा. एखाद्या शिक्षिकेचा आवाज दिवसभरात सगळा मिळून फक्त एक तास चालला, तरी त्या घड्या सात लाख वीस हजार वेळा आपटल्या. शिक्षक, गायक, कीर्तनकार, कंडक्टर, भाजीवाले, कॉल सेंटरमधली मुलं या सगळ्यांच्या गळ्याच्या तक्रारी जास्त का असतात, ते यावरून कळेल.

या घड्या जिवंत माणसात नीट पाहिल्या त्या एका गायनशिक्षकाने, हे मला फार आवडतं. मॅन्युएल गार्सिया नावाच्या गृहस्थांनी १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि आपलेच स्वरतंतू हलताना पाहिले. आज कान-नाक-घशाचे डॉक्टर कॅमेऱ्याने जे दाखवतात, त्याची सुरुवात ही अशी झाली.

पुढे १९७०च्या दशकात जपानचे डॉ. मिनोरू हिरानो यांनी दाखवून दिलं की या घडीला थर असतात. आत स्नायू, त्यावर मऊ, जेलीसारखा थर आणि वर पातळ आवरण. आपला आवाज गोड की घोगरा, हे बरंचसं त्या वरच्या मऊ थराच्या लवचीकपणावर ठरतं. ऑपरेशन करताना सर्जनची सगळी धडपड असते ती पॉलिप किंवा सिस्ट काढायची, पण त्या मऊ थराला शक्य तितकं कमी दुखवायचं. तिथे जाड व्रण राहिला तर घडी कडक होते आणि आवाज कायमचा बसका राहू शकतो.

म्हणून मौन. ओली जखम सेकंदाला दोनशे वेळा दुसऱ्या घडीवर आपटू नये, एवढा साधा अर्थ आहे त्याचा.

किती दिवस?

हे तुमचे डॉक्टरच ठरवतील, कारण गाठ कसली होती, कुठे होती, किती खोल होती यावर ते अवलंबून असतं. साधारणपणे पूर्ण मौन तीन ते सात दिवसांचं असतं, काही वेळा त्याहून जास्त. त्यानंतर थोडं थोडं बोलणं.

"जास्त दिवस गप्प बसलं तर जास्त चांगलं" असंही नाही बरं का! जपानमध्ये तीन दिवसांचं मौन आणि सात दिवसांचं मौन अशी तुलना करून पाहिली होती. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन दिवसांनंतर हळूहळू आवाजाचे व्यायाम सुरू केलेल्यांची जखम अधिक चांगली भरलेली दिसली. मोडलेला हात प्लास्टर काढल्यावर हळूहळू हलवावाच लागतो, तसंच हे. म्हणून दिवस आपल्या मनाने कमीही करायचे नाहीत आणि भीतीपोटी वाढवायचेही नाहीत.

"मी बोलत नाही, नुसतं कुजबुजते"

सगळ्यांत जास्त चुकतं ते इथे. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. जोर लावून कुजबुजताना अनेकांच्या गळ्याचे स्नायू नेहमीपेक्षा जास्त आवळले जातात. मौन म्हणजे मौनच. त्यात कुजबुज नाही, गुणगुणणं नाही, "हं" नाही, देवापुढे पुटपुटत म्हटलेलं स्तोत्रही नाही. मनातल्या मनात म्हणा, देवाला पोचतं.

आणखी काही गोष्टी घरात सगळ्यांना माहीत असू द्या:

• घसा खाकरणं म्हणजे स्वरतंतूंना धपाटा घालणं. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा. खोकला थांबत नसेल तर डॉक्टरांना कळवायचं.

• जड वस्तू उचलायची नाही. वजन उचलताना आपण श्वास कोंडतो आणि स्वरतंतू घट्ट मिटतात. म्हणजे पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन या दिवसांत दुसऱ्या कुणीतरी उलटा करून लावायचा. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून खाण्याकडे लक्ष द्यायचं, तेही याचसाठी.

• पाणी भरपूर प्यायचं. पण प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं. गेलं स्वरतंतूंवर तर ठसका लागेल! पाणी शरीरात जिरतं आणि मग आतून ओलावा राहतो. मध, खडीसाखर, ज्येष्ठमध यांचंही तेच. घशाला बरं वाटतं, पण ते जखमेपर्यंत पोचत नाही. श्वासाबरोबर तिथे पोचते ती वाफ. डॉक्टरांना विचारून साध्या पाण्याची वाफ घ्यायची, त्यात बाम घालायचा नाही.

• रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. पोटातलं आम्ल वर आलं की ते जखमेला झोंबतं. धूम्रपान तर नकोच, घरातल्या दुसऱ्या कुणाचंही नको.

बेंगळुरूतलं मौन जरा वेगळं

माझी एक मैत्रीण इथल्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. गेल्या वर्षी तिच्या स्वरतंतूवरचा पॉलिप काढला. डॉक्टरांनी आठवडाभर मौन सांगितलं. तिने पाटी आणली, पेन आणलं, तयारी झाली असं तिला वाटलं. पहिल्याच सकाळी दारात भाजीवाली आली. मैत्रीण गेली बारा वर्षं तिच्याशी कन्नडमध्ये घासाघीस करते. पण बोलता येणारं कन्नड तिला लिहिता येत नाही! पाटी हातात, खडू हातात आणि लिहिणार काय? तिच्या लक्षात आलं की आवाजाबरोबर तिची एक अख्खी भाषाच रजेवर गेली होती.

आपल्यासारख्या अनेक मराठी घरांची हीच गोष्ट आहे. घरात मराठी, ऑफिसात इंग्रजी, वॉचमनशी हिंदी, भाजीवालीशी आणि रिक्षावाल्याशी कन्नड. बोलताना आपण सहज इकडून तिकडे उड्या मारतो. लिहिताना प्रत्येक भाषेची लिपी आडवी येते. ज्येष्ठांची अडचण आणखी वेगळी. त्यांच्यापैकी कितीतरी जण फोनवर बोटांनी टाइप करत नाहीत, माइकचं बटण दाबून बोलतात. मौनात तेही बंद.

म्हणून तयारी ऑपरेशनच्या आधी करायची. दोनचार गोष्टी सुचवते.

रोजच्या माणसांना आधीच सांगून ठेवा. एखाद्या कन्नड शेजाऱ्याकडून एक कार्ड लिहून घ्या. त्याचा उच्चार असा: "गंटलु ऑपरेशन आगिदे, माताडुव हागिल्ल." म्हणजे घशाचं ऑपरेशन झालंय, बोलायचं नाहीये. ते कार्ड पर्समध्येच असू द्या.

आवाज चांगला साथ देत असेल तर डॉक्टरांना विचारून आधीच फोनवर थोडं रेकॉर्ड करून ठेवा. "गेटवर ठेवा", "उद्या या", "मी नंतर मेसेज करते". घरात लहान मूल असेल तर रात्रीच्या दोनतीन गोष्टीही. आई समोर बसलीय, थोपटतेय आणि तिचाच आवाज फोनमधून येतोय, याची मुलाला गंमत वाटते. नाहीतर "आई माझ्यावर रागावलीय" अशी त्याची समजूत होते. ती होऊ देऊ नका. मुलाला आधीच सांगा की आईच्या गळ्यात बाऊ आहे, तो झोपलाय, त्याला उठवायचं नाही.

घरात एक घंटी ठेवा, देवघरातली चालेल. दुसऱ्या खोलीतून हाक मारायची वेळ येते, तेव्हा माणूस विसरून ओरडतो. हाताशी घंटी असली की ते टळतं. आणि फोन? तो आठवडाभर दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. गावाकडची आजी रोज संध्याकाळी फोन करते, तिला ऐकूही कमी येतं. तिच्याशी बोलायची जबाबदारी घरातल्या एकाने अंगावर घ्या.

प्रश्न विचारायचाच तर असा विचारा की उत्तर मान हलवून देता येईल. "भाजी कुठली करू?" असं नको. "दोडका करू का?" असं विचारा. आणि समोरचा बोलत नाही म्हणून त्याच्याशी मोठ्याने बोलू नका. त्याला ऐकू येतं! तसंच तुम्हीही कुजबुजू नका. आपण कुजबुजलो की समोरच्यालाही नकळत कुजबुजावंसं वाटतं.

चिठ्ठ्यांवर मोठमोठी कामं होतात, यावर विश्वास ठेवा. गांधीजी दर सोमवारी मौन पाळत. २ जून १९४७ हा सोमवारच होता. त्या दिवशी माउंटबॅटन त्यांना फाळणीच्या योजनेबद्दल सांगत होते आणि गांधीजी वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर लिहून उत्तरं देत होते. आपल्याला तर दुधाचा हिशेबच लिहायचाय.

माझ्या मैत्रिणीला सगळ्यांत जड गेलं ते शाळेचं. "परीक्षा चालू आहेत, पर्यवेक्षणाला नुसतं गप्प तर बसायचंय," असा निरोप आला. तिसरीच्या पस्तीस मुलांसमोर गप्प बसणं कुणाला जमलंय का? तिने डॉक्टरांकडून लेखी घेतलं: इतके दिवस पूर्ण मौन, त्यानंतर इतके दिवस कमी बोलण्याचं काम. ते पत्र दिल्यावर तिला पेपर तपासायचं काम मिळालं. ज्यांचं पोट आवाजावर आहे, त्यांनी असं पत्र मागायला लाजू नये. डिस्चार्जच्या कागदावर नुसतं "विश्रांती" लिहिलेलं असेल तर वरिष्ठांना वाटतं झोपून राहायचंय. "बोलण्यास मनाई" असं स्पष्ट लिहून घ्या.

पाच वर्षांचं मौन

आठवडा मोठा वाटत असेल तर एक गोष्ट आठवा. ती स्वरतंतूंची नाही, फुप्फुसाची आहे. पण आवाज बंद ठेवायची सक्ती तशीच. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हा बेळगावजवळच्या सुळेभावीचा मुलगा, जन्म ८ एप्रिल १९२४. घरची भाषा कन्नड. लहानपणीच त्याच्या गाण्याने लोक थक्क झाले आणि त्याचं नाव पडलं कुमार गंधर्व. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण झालं. १९४७ साली लग्न झालं आणि त्याच सुमाराला क्षयरोगाने गाठलं. कोरड्या हवेसाठी ते मध्य प्रदेशातल्या देवासला राहायला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. विशीतला गवय्या, अंथरुणावर, वर्षानुवर्षं न गाता!

ती वर्षं निभली ती पत्नी भानुमतीबाईंमुळे. त्यांनी शाळेत नोकरी केली, घर चालवलं, शुश्रूषा केली. १९५२च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळालं आणि पुढच्या वर्षी कुमारजी पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं, त्यामुळे गाण्याची पद्धतही बदलली. पण त्या गप्प वर्षांत त्यांनी एक काम केलं होतं. ऐकणं. आसपासच्या बायका गात ती माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानात साठत गेली. त्यातूनच पुढे त्यांचे लोकधुनांवरचे नवे राग आणि लोकगीतांचे कार्यक्रम उभे राहिले.

आपण काही कुमार गंधर्व नाही. पण गप्प असताना कान उघडे असतात, हे आपल्यालाही लागू आहे. माझी मैत्रीण म्हणाली, "मुलगा शाळेतलं इतकं सांगतो हे मला माहीतच नव्हतं. एरवी मी मध्येच बोलते."

पहिला शब्द

मौन संपलं की पहिला आवाज बहुधा घोगरा किंवा हवा गेल्यासारखा निघतो. घाबरू नका. घरच्यांनीही "अगं, हा कसला आवाज!" असं म्हणू नये. सूज उतरायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला तासाला काही मिनिटं, शांत खोलीत, समोरासमोर, नेहमीच्या पट्टीत बोलायचं. पंखा, टीव्ही, मिक्सर चालू असताना बोलायचं नाही. आवाजाचे व्यायाम शिकवणारे स्पीच थेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे जरूर जा. आपल्या जवळ मैसूरला १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. जिथून ही सवय लागली ती बोलण्याची पद्धत बदलली नाही, तर गाठ पुन्हा येऊ शकते. शिक्षकांनी वर्गात छोटा माइक वापरायला काहीच हरकत नाही. चष्मा लावतो तसाच तो.

ऑपरेशन झालं की आवाज पहिल्यासारखा होईलच, अशी खात्री मात्र कुणी देऊ शकत नाही. ॲडेल या गायिकेचं नोव्हेंबर २०११ मध्ये स्वरतंतूंचं ऑपरेशन झालं, ती महिनोन्‌महिने गायली नाही आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ग्रॅमीच्या मंचावर दणक्यात परतली. 'साउंड ऑफ म्युझिक'च्या ज्यूली अँड्र्यूज यांचं ऑपरेशन १९९७ साली झालं आणि त्यांचा तो गाता आवाज परत आला नाही. पुढे त्यांनी मुलीबरोबर लहान मुलांसाठी पुस्तकं लिहिली. तेव्हा ऑपरेशनच्या आधीच सर्जनला मोकळेपणाने विचारा: व्यायामाने भागेल का, धोका किती, मला गायचं आहे किंवा शिकवायचं आहे. सततच्या ताणाने दोन्ही बाजूंना येणाऱ्या बारीक गाठी तर बरेचदा ऑपरेशनशिवाय, आवाजाच्या उपचारांनीच कमी होतात.

आणि एक महत्त्वाचं. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर "हवा बदलली", "एसीमुळे झालं" असं म्हणत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखू, सिगारेटची सवय असेल तर लगेचच. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा थुंकीतून रक्त येत असेल तर त्याच दिवशी. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर कळला तर आवाज वाचण्याची शक्यता खूप जास्त असते. उशीर झाला तर कधीकधी स्वरयंत्रच काढावं लागतं. अशा गरीब पेशंटना पुन्हा बोलता यावं म्हणून बेंगळुरूचे कर्करोग सर्जन डॉ. विशाल राव यांनी एका मित्राच्या मदतीने साधारण पन्नास रुपयांत बनणारं एक छोटं उपकरण तयार केलं. त्याचं नाव 'ओम'. परदेशी उपकरणाला हजारो रुपये पडत होते. पन्नास रुपयांअभावी कुणाचं बोलणं अडू नये, यासाठी एक डॉक्टर एवढा खटाटोप करतो, आणि आपण साधं घसा दाखवायला जायचं पुढे ढकलतो.

१६ एप्रिलला जगभर आवाज दिवस पाळतात. तोपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या ओळखीत महिनाभर घोगरं बोलणारं कुणी असेल तर आजच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि घरात सध्या कुणी मौनात असेल तर हा लेख त्यांच्या शेजारी बसून तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. कुठे हसू आलं तर हसू द्या. फक्त आवाज न करता!